बालवाडी ते बारावी एकाच आवारात, पण सोनं गहाण ठेवून?

पत्र, थोडक्यात:

«ताई, आम्ही सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहतो. मालक पॉवरलूमवर आहेत, मी घरी शिलाई करते. घरात तेलुगू, बाहेर मराठी. लेक चौथीला आहे, जवळच्याच मराठी शाळेत. गणित चांगलं आहे आणि तिच्या वडिलांनी आणलेल्या चादरीच्या डिझाइनच्या आलेखाच्या कागदावर ती तासन्‌तास चौकटी रंगवत बसते. आता एका ख्रिस्ती इंग्रजी शाळेचं माहितीपत्रक आलंय. बालवाडी ते बारावी एकाच आवारात, शंभर वर्षांची परंपरा, स्मार्ट क्लासरूम, रोबोटिक्स लॅब, स्केटिंग, वसतिगृह, चॅपल. भाऊजी म्हणतात, एकदा पाचवीत घातलं की बारावीपर्यंत डोक्याला ताप नाही, पुढं इंजिनिअरिंग. सासूबाई म्हणतात, पोरीला किरिस्ताव करतील. फी आमच्या आवाक्याबाहेर आहे, पण माझ्या चार बांगड्या आहेत. गहाण ठेवून घालावं का? एक माता, सोलापूर.»

ताई,

बांगड्यांचं आधी सांगते. गहाण ठेवू नका. पाचवीच्या प्रवेशासाठी तर अजिबात नको. का, ते सांगायला मला जरा लांबून यावं लागेल. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात पहिली दोन पानं इतिहासाची, पुढची सहा सुविधांची आहेत, आणि पत्रावरून असं दिसतं की तुम्ही दोन्हींपुढे सारख्याच दबून गेलात.

इतिहासापुढे थोडं दबायला माझी हरकत नाही, कारण तो इतिहास खरोखरच मोठा आहे. अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले १८१३ मध्ये. १८२४ मध्ये त्यांनी मुंबईत मुलींची शाळा काढली. मुलीच्या हातात पाटी दिली की घराला अवकळा येते, असं भलीभली माणसं म्हणत होती तो काळ. १८३१ मध्ये ते अहमदनगरला गेले. तिथे सिंथिया फरार नावाच्या बाई मुलींच्या शाळा चालवत. त्या शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या शिक्षिका होण्याच्या तयारीतही फरारबाईंचं नाव येतं. खुद्द जोतिराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. पुढे मिशनऱ्यांच्या हेतूंवरून बरंच वादंग झालं, ते योग्यच झालं. पण ज्यांना शाळेच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते त्यांना त्यांनी आत बसवलं, हे कुणाला नाकारता येणार नाही.

सोलापुरात रेल्वे आली १८६० मध्ये आणि त्याच दशकात हे अमेरिकन मराठी मिशनही आलं. जुनी मिल त्यानंतरची, १८७७ ची. म्हणजे मिलच्या भोंग्याआधी या गावात मिशनच्या शाळेची घंटा वाजत होती. पुढे मेरी हार्डिंग नावाच्या मिशनरी बाईंनी इथे बालवाडी चालवली आणि बालवाडीच्या शिक्षिकाही तयार केल्या. तुमच्या माहितीपत्रकात ‘किंडरगार्टन’ हा शब्द सोनेरी अक्षरांत छापलाय. सोलापूरला तो शतकाहून जुना आहे. मुलींच्या वोरोनोको शाळेचं नाव तुमच्या सासूबाईंनाही माहीत असेल. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, हॅम्पडन नावाच्या परगण्यात वोरोनोको याच नावाचं एक छोटं गाव आहे. गंमत म्हणजे १८९१ मध्ये बास्केटबॉल जिथे जन्मला ते स्प्रिंगफील्ड आणि १८९५ मध्ये व्हॉलीबॉल जिथे जन्मला ते होल्योक, दोन्ही त्याच परगण्यात. दोन्ही खेळ तिथल्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या व्यायामशाळांतले. त्यामुळे मिशनच्या जुन्या शाळेत जाळं लावलेले दोन खांब दिसले तर त्यांच्याकडे जरा निरखून बघा. रोबोटिक्स लॅबपेक्षा त्यांची वंशावळ मोठी आहे.

आता वसतिगृहाचं. माहितीपत्रकात ‘होम अवे फ्रॉम होम’ असं काहीतरी लिहून गाद्यांचा फोटो छापलाय. या शाळांना ‘बोर्डिंग’ कुठून आलं हे त्यांनी लिहायला हवं होतं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत आपल्या भागात आईबाप मेलेली, टाकून दिलेली पोरं रस्त्यावर आली. मिशनने ती उचलली. त्यांना निजायला जागा हवी, म्हणून बोर्डिंग. जेवायला हवं, म्हणून भटारखाना. मोठी झाल्यावर पोट भरायला हवं, म्हणून सुतारकाम, शिवण, माग. तुम्ही हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाता तेव्हा दौंड सोडल्यावर केडगाव लागतं. तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन याच दुष्काळात वाढलं. तिथे मुली विणायला शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या, आणि रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्या मुलींच्याच हातांनी छापलं गेलं. म्हणजे ज्याला आज ‘सुविधा’ म्हणतात, ती प्रत्येक गोष्ट कुण्या एका मुलाच्या गरजेतून उभी राहिली. आधी मूल, मग खोली.

म्हणून माझा पहिला सवाल त्या माहितीपत्रकाला आहे: ही शंभर वर्षं नेमकी कुणाची? मिशनची, संस्थेची की या शाळेची? पुष्कळदा संस्था जुनी असते, तिची मराठी शाळा जुनी असते आणि इंग्रजी शाळा दहा-पंधरा वर्षांपूर्वीची असते. ज्युनिअर कॉलेज तर त्याहून अलीकडचं. परंपरा मात्र सगळ्यांची मिळून एकच छापतात. कार्यालयात जाऊन सरळ विचारा: या शाळेला मान्यता कोणत्या वर्षी मिळाली आणि अकरावी-बारावीला कोणत्या वर्षी? प्रत्येक शाळेला अकरा आकडी युडायस क्रमांक असतो. तो मागा. त्यावरून शाळेची सरकारदरबारी नोंदवलेली माहिती, शिक्षक किती आणि वर्ग किती हे पाहता येतं. आणि त्या आठ गुळगुळीत पानांत बोर्डाचं नाव एकदाही नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? राज्य मंडळ, सीबीएसई की आयसीएसई? स्केटिंगचे तीन फोटो आहेत. बोर्ड नाही.

दुसरा सवाल अधिक बोचरा आहे. जी परंपरा दुष्काळातल्या पोरांसाठी उभी राहिली, तिच्या दारात लूमवरच्या माणसाची लेक बांगड्या गहाण ठेवूनच का यावी? फी-सवलत आहे का, गरजू मुलींसाठी काही निधी आहे का, हे विचारायला लाजू नका. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या, २५ टक्के मोफत जागांचा विचार मनात असेल तर तो सोडा. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना ती तरतूद लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलंय. तसाही तो प्रवेश सुरुवातीच्या वर्गात असतो, पाचवीत नाही. पण कायद्याने लागू नसलं तरी मनाने सवलत देणाऱ्या संस्था आहेत. या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरावरून तुम्हाला शंभर वर्षांपैकी किती शिल्लक आहेत ते कळेल.

सासूबाईंची भीती हसण्यावारी नेऊ नका. ती हवेतून आलेली नाही. जुन्या मिशन शाळांत बायबलचा तास असायचा आणि धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता. पण आज परिस्थिती काय आहे? संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा अधिकार दिलाय. तसंच कलम २८ म्हणतं की सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. त्यामुळे सासूबाईंना सोबत घेऊन जा आणि मुख्याध्यापकांना त्यांच्यासमोरच विचारा: सकाळची प्रार्थना कोणती, मूल्यशिक्षणाच्या तासाला काय शिकवता, चॅपलमध्ये कुणी जायचं आणि कुणी नाही? चांगल्या शाळेला या प्रश्नाचा राग येत नाही. सोलापुरात अशा शाळांत शिकून सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजापुढे हात जोडणाऱ्या कितीतरी बाया मला माहीत आहेत. त्यांना येशूची गाणीही पाठ आहेत. त्यांच्या घरात त्यावरून काही बिनसलेलं मी तरी ऐकलं नाही.

आता सुविधा. पालकांना शाळा निवडायला मदत करायच्या या कामात मी पडले तेव्हा मलाही सुविधांची भुरळ पडायची. एका शाळेची संगणक प्रयोगशाळा पाहून मी तीन पालकांना तिथे पाठवलं होतं. चाळीस संगणक, एसी, निळा गालिचा. वर्षभराने त्यातली एक आई भेटली. म्हणाली, ‘मॅडम, संगणकांवर प्लास्टिकची कव्हरं आहेत, ती पाहुणे आले की काढतात.’ त्या दिवसापासून मी सुविधा बघत नाही, वेळापत्रक बघते. तुम्हीही तेच मागा. पाचवीच्या कोणत्याही तुकडीचं या वर्षीचं, भिंतीवर लावलेलं. त्यात संगणकाचे तास आठवड्याला किती, चित्रकलेचे किती, खेळाचे किती, ग्रंथालयाचा आहे का? मग त्या तासाला शिकवणारा माणूस कोण, पूर्णवेळ आहे की एजन्सीने पाठवलेला? रोबोटिक्स लॅब बहुतेक ठिकाणी बाहेरची कंपनी चालवते आणि तिची फी वेगळी लावतात. ती ऐच्छिक आहे का, हे लेखी घ्या. फी ठरवताना शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीची मंजुरी लागते, राज्याचा २०११ चा शुल्क नियमन कायदा तसं सांगतो. त्या समितीतल्या एखाद्या पालकाला गाठून बोललात तर माहितीपत्रकाच्या आठ पानांपेक्षा जास्त कळेल.

एका सुविधेबद्दल मात्र मी हट्टी आहे. विज्ञानाची प्रयोगशाळा. राज्य मंडळाच्या दहावीला विज्ञानाचे दोन पेपर प्रत्येकी ४० गुणांचे आणि २० गुण अंतर्गत, प्रात्यक्षिकाचे. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र या प्रत्येकात ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. बारावीपर्यंत वर्ग चालवणाऱ्या शाळेत रसायनाची प्रयोगशाळा जिवंत हवी. जिवंत म्हणजे काय? आत गेल्यावर वास आला पाहिजे. ओट्यावर डाग पाहिजेत. परीक्षानळ्या धुवायच्या ब्रशचे केस झिजलेले पाहिजेत. काचेच्या कपाटात नवीकोरी उपकरणं लेबलासकट उभी असतील तर समजा, ती फोटोसाठी आहेत. ग्रंथालयाचंही तसंच. पुस्तकाच्या मागच्या पानावर शिक्के किती आणि शेवटचा कधीचा, एवढं पाहा.

भाऊजींचं म्हणणं, एकदा घातलं की बारावीपर्यंत चिंता नाही, हे ऐकायला छान आहे. पण मुलांची वाट जिथे अडखळते ती ठिकाणं दोनच आहेत आणि एकाच आवारात शिकल्याने ती टळत नाहीत.

पहिलं ठिकाण पाचवी. तुमची लेक घरी तेलुगू, बाहेर मराठी बोलते आणि मराठीतून शिकते. आता तिला एकदम सगळे विषय इंग्रजीत, तेही अशा वर्गात जिथे बाकीची मुलं बालवाडीपासून इंग्रजीत आहेत. जमणार नाही असं मी म्हणत नाही, पुष्कळ जणींना जमलंय. पण पहिलं वर्ष-दीड वर्ष गणितात हुशार असलेली मुलगी वर्गात गप्प बसते, कारण उत्तर येतं पण वाक्य येत नाही. आणि मग घरचे म्हणतात, पोरीचं लक्ष नाही. त्या काळात तिला घरी मदत कोण करणार? शिकवणी लावली तर तिचा खर्च तुम्ही धरलाय का? बांगड्या चारच आहेत.

दुसरं ठिकाण अकरावी. शाळा सीबीएसई किंवा आयसीएसईची असेल तर अकरावी साधारणपणे तिथेच पुढे चालू राहते. राज्य मंडळाची असेल तर आवारातलं ज्युनिअर कॉलेज ही वेगळी गोष्ट आहे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन, केंद्रीय पद्धतीने होतात. त्याच संस्थेच्या मुलांसाठी इनहाउस कोटा असतो, पण त्या जागा मोजक्या. अल्पसंख्याक संस्थेतला अल्पसंख्याक कोटा त्या समाजाच्या मुलांसाठी. बाकी जागा गुणांवर. म्हणजे तुमच्या लेकीला दहावीनंतर त्याच फाटकातून आत यायला बाहेरच्या मुलीसारखाच फॉर्म भरावा लागू शकतो. आणि खरं सांगायचं तर दहावीनंतर तुम्हीच म्हणाल, लातूरला क्लासला पाठवू का? सोलापुरातल्या विज्ञानाच्या बऱ्याच अकरावीची पोरं पटावर इथे आणि अंगाने लातूरला असतात. त्या शाळेतली गेल्या वर्षीची दहावीची किती मुलं तिथेच अकरावीला राहिली, हा आकडा विचारा. शाळा चांगली आहे की नाही, हे सांगणारी माझ्या माहितीत याहून सरळ खूण नाही. आतली मुलं टिकत नसतील तर बाहेरच्यांनी काय म्हणून जावं?

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर लेकीला मराठी माध्यमातच, पण सेमी-इंग्रजी असलेल्या अनुदानित शाळेत पाचवीला घातलं असतं. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. अशा शाळा शहरात आहेत, ख्रिस्ती संस्थांच्याही असतात. तिथली इमारत जुनी असेल, बाकं कोरलेली असतील. पण महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे आणि अनुदानित शाळेत ती माफी खरोखर लागू पडते. वाचलेल्या पैशातून तिला इंग्रजी बोलायचा एक चांगला वर्ग आणि चित्रकलेचा एक. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षा दिली तर तिच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात, तो भाग वेगळाच.

चित्रकलेवर मी जोर देतेय त्याला कारण तुमच्याच पत्रातली ती एक ओळ आहे. चादरीच्या आलेखावर चौकटी रंगवणारी मुलगी काय करतेय, हे भाऊजींना सांगा. जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, पुठ्ठ्यात भोक असलं की दोरा उचलायचा, नसलं की नाही. होय किंवा नाही. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या जॅकार्ड नावाच्या माणसाने हे माग तयार केले आणि पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी छिद्रांच्या पुठ्ठ्यांची हीच कल्पना उचलली. रोबोटिक्स लॅबमध्ये पोरं जे शिकणार त्याचा पणजोबा तुमच्या मालकांच्या लूमवर खडखडतोय. लेक चौथीत आहे, तिचं करिअर आज ठरवायचा प्रश्नच नाही आणि मी ठरवणारही नाही. पण टेक्स्टाइल इंजिनिअरिंग, टेक्स्टाइल डिझाइन, कॉम्प्युटर या तिन्ही वाटा तिच्यासाठी मोकळ्या राहायला हव्यात आणि त्यासाठी गणित पक्कं आणि हात मोकळा, एवढं पुरेसं आहे. इचलकरंजीला, मुंबईला टेक्स्टाइलची चांगली कॉलेजं आहेत. आणि आणखी एक. २०२४ पासून आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) गटांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार देतं. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आत्तापासून नीट करून ठेवा. शिक्षणाचं हे दुकान उलटं आहे: पाचवीला महाग पडतं आणि इंजिनिअरिंगला सरकार पैसे भरतं. बांगड्या लागतीलच तर त्या हॉस्टेलसाठी, मेससाठी, लॅपटॉपसाठी लागतील. त्याला अजून आठ वर्षं आहेत.

एवढं ऐकूनही मन त्या शाळेत अडकलं असेल तर एकदा जाऊन या. माझं म्हणणं बाजूला ठेवून बघा. प्रवेशाच्या मेळाव्याला जाऊ नका, त्या दिवशी सगळ्याच शाळा नवरीसारख्या नटलेल्या असतात. एखाद्या साध्या मंगळवारी मधल्या सुट्टीत जा. लेकीला सोबत न्या आणि तिचा तो आलेखाचा कागदही. चित्रकलेच्या शिक्षकांना भेटा, तिला तो दाखवू द्या आणि तुम्ही काही बोलू नका. त्यांनी कागद हातात घेऊन तिला एखादा प्रश्न विचारला, तर मला पुन्हा पत्र लिहा. मग फी-सवलतीचा अर्ज कसा लिहायचा ते मी सांगेन.